गाडीतली ती दहा मिनिटं

*ताई,*

*माझी पत्नी जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. कर्करोग होता. निदान झाल्यावर चौदा महिने मिळाले. ती बावीस वर्षं थेरपिस्ट होती. मुलगी सोळा वर्षांची आहे, मुलगा दहाचा. वर्ष होईल त्या दिवशी तिच्या आठवणींची पुस्तिका काढायची, जवळची माणसं बोलवायची आणि ती वाचायची, असं मी ठरवलं. सगळ्यांना लिहायला सांगितलं. एकेचाळीस जणांनी लिहून पाठवलं. सगळं चांगलंच आहे. शांत, हसतमुख, कधी आवाज चढवला नाही, सगळ्यांचं ऐकून घ्यायची. मुलीने ते कागद वाचले आणि म्हणाली, "ही कोण बाई आहे, बाबा? लोकांचं तासन्‌तास ऐकायची. मी काही सांगायला गेले की म्हणायची, थांब जरा, डोकं भणभणतंय. हे लिहू का तुमच्या पुस्तकात?" मी तिच्यावर ओरडलो. तेव्हापासून ती या विषयावर एक शब्द बोलत नाही.*

*कामावरून आली की बायको गाडी लावून दहा-दहा मिनिटं आतच बसून राहायची. मुलं खिडकीत वाट बघत असायची. मी कितीदा विचारलं, फोन चालू होता का? "नाही रे, येतच होते," एवढंच म्हणायची.*

*तिच्या कपाटात कुलूपबंद खणात कामाच्या चौदा वह्या आहेत. किल्ली माझ्याकडे आहे. त्यात तिचं अक्षर आहे. वाचावंसं फार वाटतं. मध्यंतरी एक बाई दारात आल्या, "त्या नसत्या तर मी आज नसते," म्हणाल्या आणि नाव न सांगता निघून गेल्या. तेव्हापासून वाटत राहतं, माझ्या बायकोचं अर्धं आयुष्य मला माहीतच नाही. पुस्तिकेसाठी मला स्वतःला अजून एक ओळ लिहिता आलेली नाही. तिची आठवण नीट कशी ठेवू?*

---

नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा गाडीपाशी येऊन थांबले. तुम्ही ती गोष्ट जाता जाता सांगितली आहे, पण मला वाटतं तुमच्या बऱ्याच प्रश्नांचा धागा तिथेच आहे.

मी स्वतः सव्वीस वर्षं हेच थेरपिस्टचं काम केलं. मी गाडीत बसत नसे, जिन्यात बसायचे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, पर्स मांडीवर घेऊन. तुमच्या पत्नीच्या मनात तेव्हा काय चालायचं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण माझ्या मनात काय चालायचं ते सांगते. काहीच नाही. ती वेळ विचार करायची नसते. एक सेशन साधारण पन्नास मिनिटांचं असतं. उरलेल्या दहा मिनिटांत नोंद करायची, पाणी प्यायचं, खुर्ची सरळ करायची, की पुढचं माणूस आत. प्रत्येक माणूस जड काहीतरी घेऊन येतं आणि त्यातलं थोडं खोलीत ठेवून जातं. दिवसभर तुम्ही चेहरा सांभाळलेला असतो. तो खोटा नसतो, पण समोरच्याला घाबरवणार नाही, त्याला बोलायला जागा देईल अशा बेताने धरलेला असतो. संध्याकाळी शेवटचं माणूस गेलं की तो चेहरा सैल सोडायला कुठेतरी थांबावं लागतं. क्लिनिकमध्ये ते जमत नाही, तिथे अजून कामाचा वास असतो. घरात तर अजिबात जमत नाही, कारण दार उघडलं की दोन मुलं अंगावर धावून येणार. मधली जागा फक्त गाडी.

ती दहा मिनिटं ती तुमच्यापासून लांब राहायला बसत नव्हती. घरात शिरताना दुसऱ्या कुणाचं दुःख सोबत येऊ नये म्हणून बसत असावी, असं मला माझ्या जिन्यावरून वाटतं. कधीकधी ते पुरं पडत नसे. मग मुलगी काहीतरी सांगायला यायची आणि आईच्या तोंडून निघायचं, थांब जरा, डोकं भणभणतंय.

तुमची मुलगी खरं बोलली आहे, आणि हे मला तुम्हाला स्पष्ट सांगायचं आहे. एकेचाळीस कागदांमध्ये जी बाई आहे ती तिच्या ओळखीची नाही. तिच्या ओळखीची आई दमायची, चिडायची, अर्धवट ऐकायची. त्या आईसाठी ती रडते आहे. आणि तुम्ही सगळे मिळून दुसऱ्याच कुणाची तरी आठवण साजरी करायला निघाला आहात, असं तिला वाटलं. आई एकदा आजाराने गेली. आता उरलेली आईसुद्धा कागदावर पुसली जाते आहे, अशी ती भीती असेल तर तिचा आवाज चढणारच.

कार्ल रॉजर्स नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. आज जगभर थेरपीची खोली जशी चालते, त्यातलं बरंचसं त्यांच्या शिकवणीतून आलेलं आहे. १९५७ सालच्या एका निबंधात त्यांनी थेरपीत माणूस बदलण्यासाठी काय काय लागतं हे मांडलं. त्यातली एक अट अशी की थेरपिस्टने त्या नात्यात खरं असलं पाहिजे, आत एक आणि बाहेर एक असं नसावं. पण लगेच पुढे त्यांनी लिहून ठेवलं की थेरपिस्ट आयुष्याच्या प्रत्येक बाबतीत असा आदर्श असण्याची गरज नाही, ते शक्यही नाही. त्या माणसासोबतच्या त्या तासात तो खरा असला की पुरे. शिकत असताना मी हे वाक्य वाचलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. मुलगा झाल्यावर कळलं की त्याची दुसरी बाजू घरच्यांच्या वाट्याला येते. तासाभराचं ते पूर्ण लक्ष परक्याला मिळतं, कारण त्याला सुरुवात आणि शेवट असतो. आईपणाला घड्याळ नसतं, म्हणून मुलांना आई मिळते ती तुकड्यातुकड्यांनी, कधी पूर्ण, कधी उरलीसुरली. माझा मुलगा चौदाचा असताना एकदा मला म्हणाला होता, "माझ्याशी तुझ्या कामाच्या आवाजात बोलू नकोस. माझ्यावर ओरड हवं तर." ते मी विसरलेले नाही. त्याला आईचं शांतपण नको होतं, आई हवी होती. आणि ओरडणारी का होईना, ती आपली आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

हे सगळं आत्ता मुलीला समजावायला जाऊ नका. रॉजर्स तर मुळीच सांगू नका. आधी माफी मागा, आणि माफीत "पण" घालू नका. "मी ओरडायला नको होतं. तू म्हणालीस ते खरं आहे. मलाही ती आई आठवते." एवढं पुरे. मग एखादा प्रसंग तुमचा स्वतःचा सांगा. पत्नीचा राग, तिचा हट्ट, तुमच्यातलं एखादं भांडण जे मिटायला दोन दिवस लागले. मुलीच्या लक्षात येईल की या घरात आईबद्दल खरं बोलायला परवानगी आहे. ती लगेच काही बोलणार नाही. सोळाव्या वर्षी कुणी लगेच बोलत नाही. थांबा.

आता त्या एकेचाळीस कागदांकडे येऊ. लोकांचा यात दोष नाही. गेलेल्या माणसाबद्दल लिही म्हटलं की हात आपोआप विशेषणांकडे जातो, आणि शांत, प्रेमळ, हसतमुख हे शब्द कुणालाही बसतात. पण मला तुमच्या पत्रात दुसरंच काहीतरी खटकलं. सगळ्यांनी लिहिलंय की ती त्यांचं ऐकायची. ते कागद पुन्हा काढा आणि एकदा मोजा, तिने त्यांना स्वतःबद्दल काय सांगितलं हे किती जणांनी लिहिलंय? या पेशातल्या माणसाच्या बाबतीत हे फार होतं. मैत्रिणी भेटल्या तरी नकळत त्याच रांगेत बसतात, ही बोलत नाही, ऐकते, आणि मग ही शांत आहे असं सगळ्यांचं मत होऊन बसतं. तुमच्या घरात ती शांत नसायची, कारण घरी तिला शांत राहावं लागत नव्हतं. माझ्या दृष्टीने तुमच्या संसाराबद्दल सांगण्यासारखी ही मोठी गोष्ट आहे, आणि ती त्या कागदांमध्ये कुठेही नसणार, कारण ती फक्त तुम्हा तिघांनाच माहीत आहे.

त्यातल्या दहा-बारा जवळच्यांना फोन करा. पुन्हा लिहायला लावू नका, नुसतं विचारा आणि तुम्हीच टिपून घ्या. प्रश्न लहान ठेवा. ती तुझ्यावर शेवटची कधी चिडली? कशाला घाबरायची? कोणता शब्द नेहमी चुकीचा म्हणायची? फोन उचलल्यावर पहिला शब्द काय असायचा? हसताना तोंडावर हात घ्यायची की नाही? अशा प्रश्नाला माणूस आधी गप्प बसतं, मग म्हणतं, "अरे हो, ती ना…" आणि त्या "अरे हो"नंतर जे येतं ते लिहून ठेवण्याजोगं असतं. तिच्या भावंडांना तर ती थेरपिस्ट होण्याआधीची, दहा वर्षांची, बारा वर्षांची आठवत असेल. ती मुलगी तुमच्या मुलांनी कधी पाहिलेलीच नाही.

आता वह्यांचं. उघडू नका.

हे लिहिताना मला जड जातंय, कारण तुम्हाला त्यात काय हवं आहे ते मला कळतं. तुम्हाला कुणाची गुपितं नको आहेत. तुम्हाला तिचं अक्षर हवं आहे, तिचा हात कागदावरून फिरलेला बघायचा आहे. पण त्या वह्यांत तिच्या हाताने लिहिलेलं आयुष्य दुसऱ्यांचं आहे. तिथे जी माणसं बोलली, ती एका माणसाशी एका खोलीत बोलली. तुमची पत्नी गेली म्हणून तिने त्यांना दिलेला शब्द संपत नाही. डॉक्टरांच्या जिनिव्हाच्या शपथेत १९६८ साली मुद्दाम भर घातली गेली की रुग्णाने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या मृत्यूनंतरही जपलं जाईल. तुमच्याकडे उलटं घडलं आहे, ऐकणारी गेली आणि सांगणारे हयात आहेत. म्हणजे जपण्याची गरज उलट वाढली. समजा वाचता वाचता एखादी हकिगत ओळखीच्या माणसाची निघाली, तर तुम्ही ते मनातून पुसू शकणार नाही. त्या माणसाला उद्या तुम्ही रस्त्यात भेटाल. आणि बावीस वर्षं जे तिने तुमच्यापाशीसुद्धा उघडलं नाही, ते तिच्या माघारी तुमच्याच हाताने उघडलं जाईल.

जाळून टाकू नका, रद्दीतही घालू नका. अशा नोंदी किती वर्षं ठेवायच्या याचे नियम असतात. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, दुसरा कायदा नसेल तर, शेवटच्या सेशननंतर सात वर्षं असं सांगितलं आहे, आणि लहान मुलांच्या नोंदींसाठी ती मुलं सज्ञान झाल्यावर तीन वर्षं, यातलं जे नंतर येईल ते. तुमच्याकडचा नियम वेगळा असू शकतो, तो तिच्या क्षेत्रातल्या माणसाला माहीत असेल. प्रत्येक थेरपिस्टचं सहसा कुणीतरी वरिष्ठ असतं ज्यांच्याशी ती आपल्या कामाबद्दल बोलते, त्याला सुपरव्हिजन म्हणतात. काही जण तर आपल्या पश्चात नोंदी कुणाकडे जाव्यात, कुणी कुणाला कळवावं, हे आधीच लिहून ठेवतात. चौदा महिने हातात होते, तिने तशी चिठ्ठी कुणाकडे तरी दिली असण्याची शक्यता आहे. तिच्या जवळच्या सहकाऱ्याला विचारा. चिठ्ठी नसली तरी खण त्यांच्या हवाली करा, किल्लीसकट. त्या वेळी तुम्ही खोलीत असा, पण खण त्यांना उघडू द्या.

तिचं अक्षर घरात दुसरीकडेही आहे. तिने वाचलेल्या पुस्तकांच्या समासात बघा, औषधांच्या वेळापत्रकावर, मुलांच्या शाळेच्या अर्जांवर, बिलांच्या पाठीमागे केलेल्या बेरजांत, डब्यांवर चिकटवलेल्या नावांत, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत. एका चौकोनात नुसतं "दात – ५ वा." लिहिलेलं असेल. ते कॅलेंडर टाकून दिलं नसेल तर जपून ठेवा. ही तिची वही आहे, आणि ती तुमची आहे.

तुम्ही लिहिता, तिचं अर्धं आयुष्य मला माहीत नाही. खरं आहे. पण ती दारात आलेली बाई, तिलाही दुसरं अर्धं माहीत नाही. तिला गाडीतली दहा मिनिटं माहीत नाहीत. तुमच्या पत्नीला मुलं होती हेसुद्धा तिला कदाचित ठाऊक नसेल. चांगला थेरपिस्ट आपलं घर त्या खोलीत आणत नाही. तुमच्या पत्नीने दोन्हीकडचं दार सारखंच सांभाळलं. तिने तुम्हाला त्यांच्यापासून जपलं आणि त्यांना तुमच्यापासून.

त्या बाईंबद्दल दोन शब्द. केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये एका प्रकारच्या दुःखाला नाव दिलं, ज्या दुःखाला समाजात जागा नसते, जे उघडपणे करता येत नाही. थेरपिस्ट गेल्यावर तिच्याकडे येणाऱ्यांचं दुःख अगदी तसं असतं. ज्या माणसापाशी आपण सगळं बोललो ते माणूस गेलं, आणि हे कुणाला सांगायचं म्हणजे आपण थेरपीला जात होतो हे सांगावं लागणार. सभेला जायचं तर कुणी विचारणार, तुम्ही त्यांना कशा ओळखता? त्या बाई नाव न सांगता गेल्या याचं कारण एवढंच असावं. पुन्हा कुणी आलं तर नाव विचारू नका. "तुम्ही आलात, बरं वाटलं," एवढं म्हणा. त्यांच्याकडून आलेली कार्डं किंवा चिठ्ठ्या पुस्तिकेत छापू नका, नाव काढूनही नको, कारण लिहिणारा स्वतःचं वाक्य ओळखतो. तिच्या सहकाऱ्याला मात्र एक विनंती करा, तिच्याकडे येणाऱ्या सगळ्यांना ती गेल्याचं नीट कळवलं गेलं आहे ना, आणि ज्यांना पुढे कुणाकडे जायचं आहे त्यांना वाट दाखवली गेली आहे ना, हे बघायला सांगा. तिच्या आठवणीसाठी तुम्ही जे काही कराल त्यात हे तिला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं असतं, असं मी या पेशातली बाई म्हणून सांगते.

मुलाबद्दल तुम्ही फार थोडं लिहिलंत. दहा वर्षांची मुलं खेळतात, जेवतात, शाळेत जातात, आणि मोठ्यांना वाटतं हा सावरला. बोस्टन परिसरात फिलिस सिल्व्हरमन आणि विल्यम वर्डन यांनी आई किंवा वडील गमावलेल्या सत्तर कुटुंबांतल्या १२५ मुलांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. त्यात दिसलं की बरीच मुलं गेलेल्या पालकाला सोडून देत नाहीत. त्याच्याशी बोलतात, तो आपल्याला बघतोय असं धरून चालतात, त्याची एखादी वस्तू जवळ ठेवतात. आणि वाढत्या वयाबरोबर ते नातंही बदलत जातं. म्हणजे तुमचा मुलगा आज विचारेल ते वेगळं, पंधराव्या वर्षी विचारेल ते वेगळं, आणि स्वतः बाप होईल तेव्हा पुन्हा तिसरंच. म्हणून ही पुस्तिका पूर्ण करून बंद करू नका. एक खोकं ठेवा, त्यात भर पडू द्या. तिचा चष्मा, शाल, पावती, काहीही. मुलाला त्यातली एखादी वस्तू स्वतःकडे ठेवायची असेल तर ठेवू द्या, हरवली तरी रागावू नका.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. तिचा आवाज. फोनमधले व्हॉइस मेसेज, वाढदिवसांचे व्हिडिओ, ज्यात ती कॅमेऱ्यामागे आहे आणि फक्त "जरा बाजूला सरका" एवढंच ऐकू येतं, ते सगळं फोनमधून काढून दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा. फोन बिघडतात, बंद नंबरच्या मागे असलेली खाती बंद होतात. चेहरा फोटोत राहतो, आवाज मात्र हातातून लवकर निसटतो. ऐकायची हिंमत आत्ता नसेल तर ऐकू नका. फक्त ठेवा.

आता तुम्ही. एक ओळही लिहिता आली नाही म्हणून तुम्हाला अपराधी वाटतंय. कुणीतरी तुम्हाला दुःखाचे पाच टप्पे सांगितले असतील, नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार, आणि तुम्ही कुठल्या टप्प्यावर अडकलात हे शोधत असाल. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९६९ मध्ये ते टप्पे मांडले ते मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते पुढे चिकटवले गेले. तुम्ही त्या पायऱ्या मोजू नका. मला जास्त खरं वाटतं ते मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट या शोकाच्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेलं. दुःखातलं माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करतं, कधी गेलेल्या माणसाकडे तोंड करून बसतं, कधी पाठ फिरवून मुलांचे डबे, बँकेची कामं, दिवे बंद करणं यात शिरतं. ही ये-जा चालू असणं हेच बरं असल्याचं लक्षण. तुम्ही अकरा महिने एकट्याने घर चालवलंत, मुलं सांभाळलीत. लिहायला बसायला तुम्हाला उसंत कधी मिळाली?

आणि कुणी म्हणेल, वर्ष झालं, आता पुढे बघ. १९१७ मध्ये छापलेल्या निबंधात मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या सिगमंड फ्रॉइडने साधारण असंच मांडलं होतं, की शोकाचं काम म्हणजे मन गेलेल्यापासून हळूहळू सोडवून घेणं. तीन वर्षांनी, १९२० मध्ये त्याची मुलगी सोफी इन्फ्लुएन्झाने गेली. त्यानंतर नऊ वर्षांनी, ज्याचा मुलगा गेला होता अशा मित्राला, लुडविग बिन्सवांगरला, त्याने पत्र लिहिलं. सोफी असती तर छत्तीस वर्षांची झाली असती, असं त्यात आहे. आणि अशा माणसाची जागा दुसरं काही भरून काढत नाही, ते तसंच असायला हवं, कारण प्रेम सोडायचं नसेल तर एवढी एकच वाट उरते, या अर्थाचं त्याने लिहिलं. नऊ वर्षांनी तो तिचं वय मोजत होता. तुम्हाला तर अजून एक वर्षही झालेलं नाही.

एवढं मात्र स्वतःवर लक्ष ठेवा. झोप, खाणं, काम यातलं काहीच जागेवर येत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं रोज वाटत असेल, किंवा मरून जावंसं वाटत असेल, तर तारखेची वाट न बघता मदत घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सध्याच्या वर्गीकरणात सहा महिन्यांपुढे अशा तीव्रतेने अडकून राहिलेल्या दुःखाला स्वतंत्र निदान आहे, आणि त्यावर उपचार आहेत. थेरपिस्टच्या घरात कुणाला मदत लागणं यात ओशाळण्यासारखं काही नाही. मुलीलाही विचारा, पण तिच्यासाठी आईच्या ओळखीतलं माणूस निवडू नका. तिला असं कुणीतरी हवं जे आईला ओळखत नव्हतं, ज्याच्यासमोर आईची तक्रार करता येईल.

पुस्तिका त्या तारखेला तयार झाली नाही तर माणसं तरीही बोलवा. एकेचाळीस कागद वाचून दाखवण्याऐवजी दोन-तीन जणांना एकेक प्रसंग सांगू द्या. तुम्हाला बोलायचं नसेल तर बोलू नका.

आणि त्याआधी एखाद्या संध्याकाळी, साधारण ती घरी यायची त्या वेळी, मुलीला खाली गाडीत येऊन बसायला सांगा. येणार नाही म्हणाली तर तुम्ही एकटे बसा. आली, तर काही समजावू नका. इंजिन बंद, दिवा बंद. तिला एवढंच विचारा, की वरच्या खिडकीतून तिला तेव्हा काय दिसायचं. ती जे सांगेल ते पुस्तिकेसाठी मागू नका.